वापरलेलं सॉफ्टवेअर लायसन्स कायदेशीरपणे कसं घ्यावं, कसं विकावं

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एखादं वर्कशॉप बंद होतं तेव्हा लेथ, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), कॉम्प्रेसर यांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. भंगार वजनावर जातं आणि केबिनमधला कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी उरतो. त्यावर ड्रॉइंगचं ऑटोकॅड असतं, मशीनसाठी कातकामाचा प्रोग्रॅम बनवणारं एखादं कॅम सॉफ्टवेअर असतं, हिशेबाची टॅली असते. विकणारा म्हणतो, "सॉफ्टवेअरसकट घ्या." घेणारा त्यासाठी चार पैसे वाढवून देतो. त्या वाढीव पैशांत नेमकं काय हातात आलं, हे दोघांपैकी कुणीच तपासत नाही. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं.

हा लेख या व्यवहारात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी आहे. राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत छोटं युनिट टाकणारा, दोन-चार दुकानांचे हिशेब बघणारी अकाउंटंट, छापखाना आवरता घेणारा मालक, यांपैकी कुणीही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या बाजारात विकला जातो तो वापरण्याचा हक्क. सीडी, सॉफ्टवेअर चालू करायची पंचवीस अक्षरी की, कॉम्प्युटरला जोडायचा डोंगल या सगळ्या त्या हक्काच्या खुणा आहेत. पहिल्या बिलापासून तुमच्या नावापर्यंत कागद सलग जुळत असतील तरच हक्क तुमच्याकडे आला असं म्हणता येतं. एक कडी तुटली, तर कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर छान चालत असूनही तुमच्याकडे लायसन्स नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला कॉपीराइट कायदा, १९५७ खाली संरक्षण आहे. कलम १४ प्रमाणे प्रोग्रॅमची प्रत विकण्याचा आणि व्यापारी तत्त्वावर भाड्याने देण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाकडे असतो. १९९४ च्या दुरुस्तीनंतर त्या कलमात अशा अर्थाचे शब्द होते, की ती प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो, हक्क मालकाचाच. १९९९ च्या दुरुस्तीने ते शब्द काढले. त्यामुळे एकदा रीतसर विकलेली प्रत पुढे विकण्याला वाट मिळाली, असा अर्थ लावायला जागा झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात तयार, डब्यात विकलं जाणारं सॉफ्टवेअर हा 'माल' आहे असा निकाल दिला. मार्च २०२१ मध्ये इंजिनीअरिंग अ‍ॅनालिसिसच्या प्रकरणात प्रत विकणं वेगळं आणि कॉपीराइट देणं वेगळं, हे त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं.

हे वाचून लगेच हुरळून जाऊ नका. पहिला वाद विक्रीकराचा होता, दुसरा आयकराचा. जुनं लायसन्स घेणारा एका बाजूला आणि सॉफ्टवेअर कंपनी दुसऱ्या बाजूला, असा तो सामना नव्हता. शिवाय इन्स्टॉल करताना आपण न वाचता 'मान्य आहे' वर टिचकी मारतो तो करार असतोच, आणि 'आमच्या लेखी संमतीशिवाय हे दुसऱ्याला देता येणार नाही' असं वाक्य त्यात अनेकदा असतं.

परदेशातले दोन निकाल इंटरनेटवर सारखे फेकले जातात, म्हणून तेही माहीत असावेत. युरोपियन महासंघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूझ्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात सांगितलं, की पैसे घेऊन कायमस्वरूपी दिलेलं लायसन्स डाउनलोडचं असलं तरी पुढे विकता येतं. मात्र विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे, आणि अनेक वापरकर्त्यांसाठी घेतलेल्या लायसन्सचे तुकडे करून विकता येणार नाहीत. अमेरिकेत याच्या उलट झालं. ऑटोकॅडच्या जुन्या प्रती ईबेवर विकणाऱ्या व्हर्नर यांच्याविरुद्ध तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला, कारण ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीने प्रत विकलीच नव्हती, फक्त वापरायला दिली होती. म्हणजे 'युरोपात चालतं' असं सांगून कुणी जर्मनीतून आलेली की स्वस्तात देत असेल, तर युरोपातला तो निकाल कोल्हापुरातल्या तुमच्या दुकानाला लागू नाही.

माझा सल्ला सरळ आहे. करारातच हस्तांतरणाची परवानगी लिहिलेली असेल तर त्या अटी पाळून व्यवहार करा. नसेल तर कंपनीची लेखी संमती घ्या. दोन्ही जमत नसेल तर सोडून द्या. कायद्यातल्या धूसर जागेवर मोठ्या कंपन्या वकील लावून भांडू शकतात. लहान धंदेवाल्याने तिथे दुकान मांडू नये.

पहिलं काम: समोर काय आहे ते ओळखा

विंडोजपासून सुरुवात करू, कारण तेच सगळ्यात जास्त येतं. कॉम्प्युटर सुरू करा, रन खिडकी उघडा आणि इंग्रजीत एसएलएमजीआर, मग एक जागा, तिरकी रेघ आणि डीएलआय असं टाइप करून एंटर दाबा. येणाऱ्या चौकटीत लायसन्स कोणत्या वाटेने आलं ते दिसतं: ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम. या एका शब्दावर पुढचा सगळा व्यवहार ठरतो.

ओईएम म्हणजे मशीनबरोबर आलेलं. ते त्या मशीनला बांधलेलं असतं. कॉम्प्युटर विकाल तर त्याच्यासोबत जाईल. पेटीवरचं स्टिकर खरवडून वेगळं विकता येणार नाही. तसली सुटी स्टिकरं विकायला येतात, ती घेऊ नका. रिटेल म्हणजे डब्यात किंवा सुट्या कीच्या रूपात दुकानातून घेतलेलं. खऱ्या अर्थाने विकता येण्यासारखं हेच. व्हॉल्यूम म्हणजे एखाद्या कंपनीने, बँकेने, कॉलेजने घाऊक करारावर घेतलेलं. त्यातलं एक सुटं काढून विकायचा हक्क तिथल्या आयटीवाल्यालाही नसतो आणि तुम्हालाही नसतो. पूर्ण करार हलवायचा असेल तर मायक्रोसॉफ्टची वेगळी प्रक्रिया आहे आणि तिच्या अटी कडक आहेत.

ऑफिसचं प्रकरण जरा नाजूक आहे. एकदाच पैसे भरून घ्यायच्या आवृत्तीची की वापरली, की ती त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला चिकटते. नंतर ती हातात दिली तरी घेणाऱ्याच्या उपयोगाची राहत नाही. म्हणून ऑफिसची की आधी वापरली गेली आहे का, आणि वापरली असेल तर कोणत्या खात्यावर, हे विचारल्याशिवाय किमतीची भाषा करू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ हे भाडं आहे. त्यात विकण्यासारखं काही नसतं.

हीच गोष्ट डिझाइनवाल्यांची. अ‍ॅडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर द्यायला सुरुवात केली, ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवी कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबवलं. त्यामुळे आज कुणी 'ऑटोकॅड २०२३, लाइफटाइम' असं म्हणत असेल तर तशी गोष्ट बाजारात आलेलीच नाही, आणि पुढची चौकशी करण्यात वेळ घालवू नका. कॉलेजच्या मुलाकडचं शैक्षणिक लायसन्स तर मोफत शिकण्यासाठी दिलेलं असतं. इंजिनीअरिंगचा विद्यार्थी ते घेऊन उद्यमनगरातल्या शॉपमध्ये पार्टटाइम ड्रॉइंग काढायला लागला, की ते नियमबाह्य झालं, विकणं दूरच.

टॅलीला आपल्याकडे जुन्या बाजारात मोठी मागणी असते, म्हणून थोडं सविस्तर. सिल्व्हर एका वापरकर्त्यासाठी, गोल्ड अनेकांसाठी. प्रत्येक लायसन्सला सिरीयल नंबर असतो आणि तो एका ई-मेल आयडीशी जोडलेला असतो. तो आयडी ज्याचा, त्याच्या हाती लायसन्सची दोरी. 'सरेंडर करून देतो' असं विकणारा सांगतो तेव्हा लक्षात ठेवा, की सरेंडर केल्याने लायसन्स त्या कॉम्प्युटरवरून मोकळं होतं, त्याची मालकी बदलत नाही. तुम्ही ते आपल्या मशीनवर चालू केलंत तरी सहा महिन्यांनी जुना मालक आपल्या आयडीने ते परत ओढू शकतो. त्यामुळे सिरीयल नंबर, जोडलेला ई-मेल, टीएसएसची (टॅलीच्या अपडेट-सपोर्टच्या वर्गणीची) शेवटची तारीख या तीन गोष्टी आधी घ्या, आणि नाव व आयडी बदलून मिळेल का हे टॅलीकडे लेखी विचारा. हो आलं तर पुढे जा.

कॅम सॉफ्टवेअर आणि डोंगलबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. "दादा, डोंगल हातात हाय की, आणि काय पायजे?" हे वाक्य ऐकून अनेकांनी लाखाच्या घरात पैसे मोजले आहेत. डोंगल ही फक्त चावी. ती कुणाच्या नावावर दिली आहे याची नोंद कंपनीच्या दप्तरात असते, आणि ती नोंद बदलत नाही तोवर अपडेट नाही, सपोर्ट नाही, डोंगल बिघडला तर बदलूनही मिळत नाही. जुनी व्हीएमसी घेताना हा घोळ हमखास होतो. मशीनच्या कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर मशीनचा भाग म्हणून येतं. शेजारच्या कॉम्प्युटरवरचं कॅम सॉफ्टवेअर तसं येत नाही. मशीनच्या बिलात 'सॉफ्टवेअरसह' एवढं लिहून ते आपोआप तुमचं होत नाही.

घेऊन ठेवू नका, सौदा लावा

हा भाग नव्या माणसाने दोनदा वाचावा. विंडोजच्या रिटेल लायसन्सच्या करारात दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर हस्तांतर करण्याची मुभा आहे, पण दोन अटींवर: देणारा हा पहिला परवानाधारक असला पाहिजे, आणि घेणाऱ्याने करार मान्य केला पाहिजे. जुन्या मशीनवरून ते काढून टाकणं तर आलंच.

पहिल्या अटीचा परिणाम बघा. तुम्ही दुकानदार म्हणून ते लायसन्स स्वतःच्या नावावर घेतलंत, तर तुम्ही दुसरे झालात. तिसऱ्याला देण्याची मुभा तुम्हाला करारात नाही. म्हणजे स्वस्तात वीस लायसन्स उचलून कपाटात ठेवायची आणि एकेक विकायची, हा नवख्याच्या डोक्यात पहिल्यांदा येणारा बेतच चुकीचा आहे.

मार्केट यार्डातला अडत्या गुळाचे रवे स्वतःच्या मालकीचे करत नाही. शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला लावून देतो आणि आपली अडत घेतो. या धंद्यात तुमची जागा तीच ठेवा. विकणारा आणि शेवटचा वापरणारा यांच्यात थेट हस्तांतरण घडवायचं, कागद तपासून द्यायचे, इन्स्टॉलेशन करून द्यायचं आणि सेवेचं बिल करायचं. हक्क एकदाच हलतो, तुमच्या नावावर मधली कडी येत नाही, आणि भांडवलही अडकत नाही. इतर कंपन्यांच्या करारांतही एकाच हस्तांतरणाची मुभा असू शकते; म्हणून कोणताही करार वाचताना हस्तांतरणाचं कलम आधी शोधा आणि 'पहिला' हा शब्द आहे का ते बघा.

जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून विकण्याचा धंदा मोठ्या प्रमाणावर करायचा असेल, तर मायक्रोसॉफ्टचा नूतनीकरण करणाऱ्यांसाठी वेगळा कार्यक्रम आहे. त्यात नोंदणी केली की अशा मशीनसाठी वेगळी लायसन्स रीतसर मिळतात. त्याची चौकशी करावी. सुट्या की गोळा करण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

कागद मागताना लाजू नका

कोल्हापुरात व्यवहार ओळखीवर होतात. 'पाव्हण्यांचा माणूस आहे' म्हटलं की बिल मागायला संकोच वाटतो. इथे तो संकोच महागात पडतो, कारण हक्क ओळखीने हलत नाही. विकणाऱ्याकडून मूळ खरेदीचं बिल घ्या, ज्यावर नाव, जीएसटी क्रमांक, उत्पादनाचं पूर्ण नाव आणि शक्यतो सिरीयल नंबर असेल. जुनं बिल जीएसटीच्या आधीचं, व्हॅटच्या काळातलं असू शकतं, चालेल. कंपनीने पाठवलेलं लायसन्स सर्टिफिकेट किंवा ई-मेल, मूळ डबा आणि माध्यम असेल तर तेही.

आता बिलावरचं नाव आणि समोर बसलेला माणूस जुळतात का बघा. इथेच बहुतेक साखळ्या तुटतात. बिल वडिलांच्या प्रोप्रायटरी फर्मच्या नावावर असतं, विकायला मुलगा येतो आणि त्याची फर्म आता प्रायव्हेट लिमिटेड असते. कायद्याच्या दृष्टीने हे दोन वेगळे धनी आहेत. वडील हयात असतील तर त्यांची सही घ्या. नसतील तर वारसांची संमतीपत्रं लागतील. भागीदारी फर्म असेल तर सगळ्या भागीदारांच्या सह्या किंवा एकाला दिलेलं अधिकारपत्र. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर संचालक मंडळाचा ठराव. कर्जापायी बँकेने किंवा दिवाळखोरीत लिक्विडेटरने विकायला काढलेला कारखाना असेल तर मशीनच्या यादीत सॉफ्टवेअरचा वेगळा उल्लेख आहे का ते पाहा, आणि असला तरी कंपनीच्या संमतीचा प्रश्न उरतोच.

कागद जुळले की सॉफ्टवेअर कंपनीला ई-मेल करा. हा ई-मेल विकणाऱ्याच्या नोंदणीकृत आयडीवरूनच जायला हवा. तुमच्याकडून गेलेल्या पत्राला कंपनी दाद देणार नाही आणि तसं करणं रास्तच आहे. मजकूर लांबवू नका:

"आमच्याकडे अमुक सिरीयल नंबरचं अमुक लायसन्स आहे, अमुक तारखेच्या बिलाने घेतलेलं. ते आम्ही अमुक फर्मला कायमचं हस्तांतरित करू इच्छितो. आपल्या करारानुसार याला परवानगी आहे का, शुल्क किती, कोणती कागदपत्रं लागतील आणि हस्तांतरणानंतर नव्या धारकाला अपडेट व सपोर्ट मिळेल का, हे कृपया लेखी कळवावं."

फोनवर एजंट 'होऊन जाईल सर' म्हणाला, याला उत्तर धरू नका. लेखी येईपर्यंत थांबा. नकार आला तर तोही जपून ठेवा, पुढच्या वेळी त्याच कंपनीचं लायसन्स कुणी आणलं तर उपयोगी पडेल.

पैसे आणि करारपत्र

आधी इसार, मग हस्तांतरण, मग उरलेली रक्कम. हा क्रम मोडू नका. इसार थोडा द्या आणि इसारपावतीवर लिहा, की कंपनीने हस्तांतरणास नकार दिला तर इसार परत. कंपनीचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार हे इथेच ठरवा. नंतर वाद होतो तो बहुधा याच पैशांवरून. रक्कम बँकेतूनच द्या, म्हणजे साखळीत आणखी एक पुरावा येतो.

करारपत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात १०० आणि २०० रुपयांवर होणारी कामं ५०० वर गेली आहेत. त्यात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, सिरीयल नंबर, मूळ बिलाचा क्रमांक व तारीख येऊ द्या. विकणाऱ्याने स्पष्ट लिहून द्यावं, की हे लायसन्स त्याच्या मालकीचं असून दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही, ते तारण नाही, आणि त्याने आपल्या सर्व मशीनवरून ते काढलं आहे व कोणतीही प्रत ठेवलेली नाही. घेणाऱ्याने मूळ लायसन्स करार मान्य असल्याचं लिहावं. कंपनीचं संमतीपत्र सोबत जोडा. उद्या हक्कात खोट निघाली तर विकणारा पूर्ण रक्कम परत देईल, हे कलम विसरू नका.

विकणाऱ्याने स्वतःच्या बाजूने काय करावं

जुनी प्रत ठेवून नवी विकणं म्हणजे एका लायसन्सची दोन करणं, आणि तो सरळ गुन्हा होतो. त्यामुळे अनइन्स्टॉल करण्याआधी सॉफ्टवेअरमधला डीअ‍ॅक्टिव्हेट किंवा सरेंडरचा पर्याय वापरा. उलट्या क्रमाने केलंत तर ऑनलाइन नोंदीत लायसन्स जुन्याच मशीनवर अडकून राहतं आणि मग कंपनीला विनवण्या कराव्या लागतात. विंडोज असेल तर एसएलएमजीआरपुढे जागा, तिरकी रेघ आणि यूपीके टाइप करून की काढता येते.

बॅकअप प्रतीबद्दल विचारणा होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कायदेशीर धारकाला बॅकअप ठेवायची मुभा आहे, पण ती नुकसानीपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून. हक्क गेला की बॅकअपचा आधारही गेला. ती नष्ट करा किंवा करारात नमूद करून घेणाऱ्याला द्या. सीडीची घरी बर्न केलेली नक्कल 'मूळ माध्यम' म्हणून विकू नका.

डेटाचंही बघा. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका, आधारच्या झेरॉक्ससाठी आलेल्या फायली, बँकांचे स्टेटमेंट पडलेले असतात. टॅलीत सगळ्या उधारीची नोंद असते. हार्ड डिस्क नीट पुसल्याशिवाय मशीन हलवू नका. नुसतं डिलीट करणं पुरत नाही.

जीएसटी आणि नोंदणी

दुकानासाठी शॉप अ‍ॅक्टची नोंद लागते. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन माहिती देणं पुरतं. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, करून टाका. सॉफ्टवेअर लायसन्सवर आणि तुमच्या मध्यस्थीच्या कमिशनवर जीएसटीचा दर १८ टक्के. महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा सेवेसाठी वार्षिक २० लाख आणि फक्त मालासाठी ४० लाख उलाढाल.

आपल्या भागात एक खाचखळगा आहे. कागलच्या पुढे गेलं की कर्नाटक. निपाणीच्या गिऱ्हाइकाला डब्यातलं सॉफ्टवेअर विकलंत तर तो आंतरराज्य मालपुरवठा होतो आणि त्याला उलाढालीची सूट मिळत नाही, पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते. वापरलेल्या मालाच्या व्यापाऱ्याला जीएसटीच्या नियम ३२(५) खाली फक्त नफ्याच्या फरकावर कर भरायची सवलत आहे, पण ती मालासाठी आहे. डाउनलोडचं लायसन्स सेवेत धरलं जातं, तेव्हा ही सवलत परस्पर लावून घेऊ नका. व्यवहार घेऊन सीएकडे बसा. फर्मने खरेदीच्या वेळी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं होतं का, हे विकणाऱ्याला विचारा. त्याच्या बिलावरचा कर त्यावर अवलंबून आहे.

ज्याला हात लावायचा नाही

काहीशे रुपयांत मिळणाऱ्या विंडोज आणि ऑफिसच्या की. त्या चालू होतात, यात शंका नाही. चालू होणं हा हक्काचा पुरावा नाही एवढंच. अशा की बरेचदा कुणाच्या तरी व्हॉल्यूम कराराच्या, शैक्षणिक किंवा चाचणीसाठी दिलेल्या असतात, कधी चोरीच्या कार्डावर घेतलेल्याही. कंपनीने त्या बंद केल्या की विकणाऱ्याचा फोन लागत नाही आणि गिऱ्हाईक तुमच्या दारात येतं.

क्रॅक आणि डोंगलची नक्कल करणारे प्रोग्रॅम. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडण्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ ए प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम ६३ बी खाली किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. अशा प्रती विकणाऱ्याला कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये सांगितलं. पोलीस उपनिरीक्षकाला वॉरंटशिवाय माल जप्त करता येतो. धंद्याचा कॉम्प्युटर जप्त होणं म्हणजे काय, हे महिनाअखेरीला बिलं काढणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

किंमत ठरवताना

जुन्या लायसन्सला नव्याच्या निम्मी किंमत, असा ठोकताळा बाजारात चालतो. मी तो मानत नाही. हस्तांतरण शुल्क, मागे थकलेला सपोर्ट सुरू करायचा खर्च आणि ते सॉफ्टवेअर आजच्या विंडोजवर चालतं का, या तीन गोष्टी वजा करून उरेल ती किंमत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. फक्त जुन्या विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर घेतलंत तर ते मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवावं लागेल. काही जुन्या आवृत्त्या चालू करण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते आणि ते सर्व्हरच आता बंद असतात. अ‍ॅडोबीच्या क्रिएटिव्ह सूट २ चं तेच झालं. हक्क पक्का, पण सॉफ्टवेअर उघडत नाही, अशी अवस्था होते. म्हणून इसार देण्यापूर्वी स्वतःच्या मशीनवर चालवून बघण्याची अट घाला.

कधीकधी खरा सल्ला 'घेऊ नका' हाच असतो. पत्रव्यवहार आणि साध्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस पुरतं, फोटोसाठी गिंप, रेखांकनासाठी इंकस्केप, साध्या पार्टच्या मॉडेलसाठी फ्रीकॅड. ही मुक्त सॉफ्टवेअर धंद्यातही मोफत वापरता येतात, आणि ती बसवून, शिकवून देण्याचे पैसे घ्यायला कुणाची आडकाठी नाही. इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्याला किंवा हुपरीतल्या चांदी कारागिराला नुसतं बिल छापायचं असेल, तर त्याच्या गळ्यात जुनं ऑफिस मारू नका. तो तुमच्याकडे परत येईल.

पहिला व्यवहार करायचाच असेल तर सोपा निवडा: मूळ मालक हयात आणि समोर, बिल हातात, विंडोजचं रिटेल लायसन्स किंवा ओईएम विंडोजसकट पूर्ण कॉम्प्युटर. डोंगलवाल्या कॅम सॉफ्टवेअरकडे नंतर वळा, एखाद्या कंपनीची हस्तांतरणाची प्रक्रिया आतून बघितल्यावर.

प्रत्येक व्यवहाराची वेगळी फाईल करा. त्यात मूळ बिल, कंपनीचा ई-मेल, करारपत्र, बँकेची नोंद, जुन्या मशीनवरून काढल्याचा स्क्रीनशॉट आणि नव्या नावाचं सर्टिफिकेट. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात; लायसन्सची फाईल मात्र ते सॉफ्टवेअर वापरात आहे तोवर ठेवा, आणि एक प्रत घेणाऱ्याच्या हातात द्या.